लायडनला ३ ऑक्टोबर आणि घटस्थापना एकाच दिवशी: कसं जमवावं?

निफाडची_लेक (९ सप्टेंबर २०२४)

नमस्कार मंडळी,

आम्ही जूनच्या शेवटी नेदरलँड्सला आलो. नवरा लायडनच्या बायोसायन्स पार्कमध्ये नोकरीला आहे. मी नाशिकला बँकेत होते, सध्या घरी. मुलगी पाच वर्षांची, इथल्या शाळेत 'ग्रूप २' मध्ये बसते. सासूबाई गेल्या महिन्यात आल्यात, दिवाळी करून जातील.

गणपती दीड दिवसाचा होता, काल बादलीत विसर्जन झालं. आज शाळेच्या ॲपवर निरोप आला. भाषांतर करून वाचला तो असा: ३ ऑक्टोबरला शाळेला सुट्टी, लायडनचा तो सर्वांत मोठा दिवस आणि यंदा त्याला ४५० वर्षं पूर्ण होतात. त्याआधीच्या आठवड्यात मुलांनी गाजरं, कांदे, बटाटे घेऊन यायचं आणि वर्गात सगळ्यांनी मिळून हुत्स्पॉट शिजवायचा. मदतीला पालक हवेत. खाली दोन चौकटी, 'येईन' आणि 'जमणार नाही'. मी अजून कशावरच खूण केलेली नाही.

अडचण अशी की ३ ऑक्टोबरलाच घटस्थापना आहे. सासूबाईंचे नऊ दिवस उपवास असतात, घरात कांदा-लसूण बंद असतो. आम्ही शाकाहारी. या हुत्स्पॉटबरोबर गोमांस असतं म्हणे, आणि त्या दिवशी सकाळी गावात हेरिंग मासा आणि पाव वाटतात. मला डच येत नाही. दुकानात आभार मानण्यापुरतं येतं, तेवढंच. वर्गात जाऊन मी करणार काय?

लगेच नोव्हेंबरमध्ये सिंटरक्लास (मुलांना खाऊ-भेटी आणणाऱ्या म्हाताऱ्या साधूचा सण) सुरू होईल असं शेजारची सांगत होती. मुलगी वर्गात एकटी पडायला नको. सासूबाईंना आपलं घर परकं झाल्यासारखं वाटायला नको. दोन्ही माझ्यासाठी सारखंच महत्त्वाचं आहे. जे बरीच वर्षं इथे आहेत त्यांनी घरात प्रत्यक्ष काय केलं ते सांगाल का? घटासाठी माती, सात धान्यं आणि विड्याची पानं कुठे मिळतील तेही सांगा.

---

पवनचक्की (९ सप्टेंबर २०२४)

आइंडहोवनहून लिहितोय, लायडनचा अनुभव नाही. पण शाळेचं सांगू शकतो. मुलगी काय खात नाही ते वर्गशिक्षिकेला एकदा लेखी कळवून ठेवा: मांस नाही, मासे नाहीत, जिलेटिन नाही. जिलेटिन आवर्जून लिहा. इथे वाढदिवसाला मुलं वर्गात खाऊ वाटतात, त्यातल्या मऊ रंगीत गोळ्यांत ते हमखास असतं. शिक्षक हे नीट लक्षात ठेवतात, त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही. आमच्या मुलाच्या वर्गात कुणी हलाल खाणारं, कुणाला शेंगदाणे वर्ज्य, कुणाला दूध. एक शाकाहारी मूल ही त्यांच्यासाठी अगदी साधी गोष्ट आहे.

भाषेची काळजी करू नका. पाच वर्षांच्या वीस-पंचवीस मुलांत बसून गाजरं सोलायला भाषा लागत नाही.

---

कृष्णाकाठ (१० सप्टेंबर २०२४)

निफाडची लेक, तुला 'तू' म्हणते, चालेल ना? माझी मुलगी आता विद्यापीठात शिकते, त्यावरून माझ्या वयाचा अंदाज येईल.

'येईन' वर खूण कर आणि मग बाकीचं वाच.

मी मूळची मिरजेची. लायडनमध्ये एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते आणि दर २ ऑक्टोबरला आमच्याकडे हुत्स्पॉटची मोठी पातेली चढतात. त्यामुळे या विषयावर मला थोडक्यात लिहिता यायचं नाही.

आधी गोष्ट, कारण ती कळली की त्या दिवशी ताटात जे पडतं ते का पडतं हे कळतं. १५७४ साली स्पेनच्या फौजेने मे महिन्यापासून लायडनला वेढा घातला होता. गावातलं धान्य संपलं. लोकांनी घोडे खाल्ले, कुत्री-मांजरं खाल्ली, आणि पाठोपाठ साथ आली. हजारो माणसं गेली. मदतीला येणाऱ्या डच बंडखोरांकडे जमिनीवर लढण्याइतकी फौज नव्हती, जहाजं होती. म्हणून त्यांनी आपल्याच मुलखाचे बांध फोडले, शेतं पाण्याखाली घातली आणि त्या पाण्यावरून जहाजं गावापर्यंत आणायचं ठरवलं. पण पाणी पुरेसं चढेना. आठवड्यांमागून आठवडे गेले. बाहेरचे निरोप गावात यायचे ते कबुतरांच्या पायाला बांधून. ऑक्टोबर लागला तसं वादळ उठलं, वारा फिरला, समुद्राचं पाणी आत लोटलं, आणि २ तारखेच्या रात्री स्पॅनिश फौज तळ सोडून निघून गेली. ३ तारखेला सकाळी जहाजं गावात शिरली ती हेरिंग आणि पांढरा पाव घेऊन. पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या पोरांना हे फार समजावून सांगावं लागत नाही.

हुत्स्पॉटची कथा अशी सांगतात की कॉर्नेलिस योप्पन्सझोन नावाचा एक अनाथ मुलगा गावाबाहेरच्या लामेन्सखान्स इथल्या स्पॅनिश छावणीत शिरला. छावणी रिकामी होती आणि मागे भाज्या-मांसाने भरलेलं एक पातेलं राहिलं होतं. ते पातेलं म्हणून दाखवतात ते लाकनहाल संग्रहालयात आहे. वर्गातला कार्यक्रम व्हायच्या आधी मुलीला तिथे घेऊन जा. तिला ते पातेलं आधी डोळ्यांनी बघू दे. मग वर्गात जे शिजेल ते तिला कळेल. आणखी एक, त्या पातेल्यात बटाटा नव्हता. तेव्हा तो इथल्या रोजच्या जेवणात आलाच नव्हता. त्या जागी पार्स्निप, म्हणजे गाजरासारखं पांढरं कंदमूळ, असायचं. आज सगळे बटाटा घालतात.

आता तुझा खरा प्रश्न, मांसाचा. क्लापस्टुक म्हणजे गाईबैलाच्या बरगडीकडचं मांस. ते सहसा वेगळ्या भांड्यात तास न् तास शिजतं आणि ताटात शेजारी वाढतात. तुला विचारायचं ते एवढंच की भाज्या साध्या पाण्यात शिजवल्या की मांसाच्या रश्शात. काही घरी रश्शात शिजवतात. शाळेत बहुधा साधं पाणीच असतं, पण विचारायला कचरायचं नाही.

घरी करायचा तर माझं प्रमाण घे. एक किलो पिठाळ बटाटे, एक किलो गाजर, तीन मोठे कांदे. गाजर म्हणजे 'विंटरपेन', मनगटाएवढं जाड असतं ते. पानासकट जुडी मिळते ती कोवळी गाजरं घेऊ नकोस, ती पाणी सोडतात. बटाटे तळाला, त्यावर गाजर, त्यावर कांदा, पाणी बटाटे बुडतील एवढंच. अर्ध्या तासात होतं. पाणी निथळून घे, पण वाटीभर बाजूला ठेव. मग लोणी, मीठ, भरपूर मिरपूड घालून स्टाम्परने ठेचायचं. घट्ट वाटलं तर ते ठेवलेलं पाणी घाल. गुळगुळीत करायचं नाही, गाजराचे केशरी तुकडे दिसले पाहिजेत. मिक्सर लावलास तर बटाटा चिकट होतो आणि सगळं फुकट. चव गोडसर असते. घरी मी वरून तुपातली जिरं-सुक्या मिरचीची फोडणी देते आणि माझा डच जावई आता तसाच मागतो.

कांद्याचं म्हणशील तर शाळेतला कार्यक्रम घटाच्या आधी उरकतोय. गावातली घरं हुत्स्पॉट खातात तो बहुतेक २ तारखेच्या संध्याकाळी, आणि यंदा २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या आहे. सासूबाईंना हे सांग. भुकेने गेलेल्या माणसांची आठवण ठेवून एक अख्खं गाव त्याच संध्याकाळी एकच पदार्थ शिजवतं, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा आधी कळेल.

आमच्या आश्रमात एक आजी आहेत, नव्वदी ओलांडलेल्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यात असताना, इथल्या पश्चिमेकडच्या शहरांत अन्न संपलं होतं. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरबीट उकडून खाल्ले. आजी तेव्हा शाळकरी होत्या. दर २ ऑक्टोबरला त्या स्वयंपाकघरात खुर्ची मागवून बसतात आणि माझी सालं तपासतात. साल जाड निघाली की ती उचलून माझ्यासमोर धरतात. मग मी सुरी बदलते, हात हलका करते. साल इतकी पातळ निघायला हवी की तिच्यातून बोट दिसलं पाहिजे. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः दोन गाजरं सोलून दाखवली. त्यांचे हात थरथरतात, पण साल अखंड निघाली. लायडनचा ३ ऑक्टोबर मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या खुर्चीशेजारी उभं राहून जास्त समजला.

म्हणूनच सांगते, हाताला काम घे. आपल्याकडे दर्शन घेऊन जाणारा पाहुणा असतो आणि मांडवात सतरंजी टाकणारा घरचा असतो. इथेही अगदी तेच आहे. सुरुवातीची वर्षं मी मिरवणूक रस्त्याच्या कडेला उभी राहून बघायची. कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी बोललंही नाही. सालं काढायला बसले त्या वर्षापासून लोक मला नावाने हाक मारायला लागले. डच माणूस स्वतःहून 'या, बसा' फारसं म्हणत नाही. पण तुम्ही मदतीला उभे राहिलात तर तो लगेच सुरी हातात देतो, आणि मग तुम्ही त्यांच्यातले. जे खायचं नाही ते खाऊ नकोस. कामात मात्र मागे राहू नकोस.

३ तारखेचा बेत असा करता येईल. सकाळी सात वाजता स्टाटहाउससमोर (नगरपालिकेच्या इमारतीसमोर) वाद्यं वाजवून गावाला जागं करतात. तेव्हा अंधार असतो, कारण ऑक्टोबरात इथे सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो. म्हणजे ते ऐकून घरी या, अंघोळी करा, आणि दिवस उजाडल्यावर निवांत घट बसवा. दोन्हींत काही आड येत नाही. नंतर सकाळी फान डर वेर्फ पार्कमध्ये लोक जमून जुनी गाणी गातात. तिथे जमलं तर सासूबाईंना ने. गर्दी असते पण शांत असते. ज्याच्या नावाने ते पार्क आहे तो वेढ्याच्या वेळचा महापौर. लोक शरण जाऊ या म्हणायला लागले तेव्हा 'भूक लागली असेल तर माझा हात खा, पण गाव देणार नाही' असं तो म्हणाला अशी आख्यायिका आहे. त्याचा पुतळाही तिथेच आहे. दुपारची मोठी मिरवणूक मुलीला दाखवा. जत्रेत संध्याकाळी जाऊ नका, फार पिणं चालतं, लहान मुलांना घेऊन जायची ती वेळ नव्हे.

हेरिंगला नाही म्हणालात तर कुणाला वाईट वाटत नाही, पांढरा पाव खा. सासूबाईंसाठी उपवासाच्या आधी एकदा लायडनचं चीज आण. त्यात जिरं असतं. जिरं घातलेलं चीज हे या भागाचंच. शेतावर बनणाऱ्या अस्सल प्रकारावर दोन चाव्यांची खूण असते. मात्र ते प्राण्याच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजतात, तेव्हा सासूबाई कडक असतील तर दुकानात शाकाहारी रेनेटचं जिऱ्याचं चीज माग, तेही मिळतं.

---

हेगकर (१० सप्टेंबर २०२४)

पूजेच्या सामानाचं मी सांगतो. लायडनहून हेग ट्रेनने पंधरा मिनिटांत. तिथून पॉल क्रुगरलान भागात जा. सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची दुकानं आहेत: विड्याची पानं, नारळ, सुपारी, अगरबत्ती, धान्यं, सगळं मिळेल. शेजारीच हेगचा मोठा उघड्यावरचा बाजार भरतो, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार. कारली, दुधी, चवळीच्या लांब शेंगा, केळफूल तिथे बघा. माती बागकामाच्या दुकानातली चालते, खत न मिसळलेली घ्या. झेंडू कुंडीत मिळतो, सप्टेंबर संपायच्या आत घेऊन ठेवा.

त्या दुकानदारांशी दोन मिनिटं बोलाच. यांचे पणजोबा-खापरपणजोबा १८७३ पासून पुढे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून करारावर सुरिनामला ऊसमळ्यांत कामाला गेले, आणि १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमाराला बरीच कुटुंबं इकडे आली. एका दुकानातल्या काकूंनी मला पहिल्याच वर्षी नवरात्रासाठी नारळ निवडून दिला, हलवून, कानाशी धरून, अगदी आपल्या मंडईतल्यासारखा. त्यांच्याकडे 'बारा' मिळतो तोही खाऊन बघा. उडदाचा, मध्ये भोक असलेला, तळलेला. सोबतची चटणी फार तिखट असते, मुलीला जपून द्या.

---

उत्तरेचा_वारा (११ सप्टेंबर २०२४)

कृष्णाकाठताईंनी सुंदर लिहिलंय, पण एक वेगळं मत मांडतो. पहिल्या वर्षी सगळेच सण अंगावर घेऊ नका. इथलं वर्ष सणांनी गच्च भरलेलं आहे, आणि त्यात आपले. आम्ही आल्कमारला राहतो आणि घरी ठरवून तीनच धरले. त्या तिन्हींत पूर्ण उतरतो, बाकीचे लांबून बघतो. मुलांना त्यामुळे दम मिळाला आणि बायकोलाही.

पहिला आमचा ८ ऑक्टोबर. लायडनच्या आधी एक वर्ष, १५७३ मध्ये, आल्कमारचा वेढा उठला. 'विजयाची सुरुवात आल्कमारपासून' हे इथलं पोरगंसुद्धा म्हणून दाखवतं. दुसरा राजाचा वाढदिवस, २७ एप्रिल. पुढच्या वर्षी तो रविवारी येतो म्हणून २६ ला, शनिवारी साजरा होईल. त्या दिवशी कुणीही रस्त्यावर चादर अंथरून जुन्या वस्तू विकू शकतो. मुलगा जुनी कोडी आणि पुस्तकं विकतो, पैसे स्वतः मोजतो, घासाघीस करणाऱ्या आजोबांशी डचमध्ये भांडतो. त्याची भाषा त्या चादरीवर सुधारली.

तिसरा माझा सर्वांत आवडता, ११ नोव्हेंबरचा सिंट मार्टेन. सगळीकडे करत नाहीत, आमच्या उत्तरेकडे जोरात असतो. अंधार पडला की मुलं हातात कागदी कंदील घेऊन घरोघरी जातात, दारात गाणं म्हणतात आणि खाऊ मिळतो. पूर्वी साखरबीट कोरून त्यात दिवा लावायचे, अजूनही काही घरी लावतात. ज्या घरासमोर दिवा चालू, तिथे जायचं. दिवा बंद असेल तर घंटी वाजवायची नाही. हा दिवस कायम दिवाळीच्या पुढेमागे येतो. यंदा लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि त्रिपुरी पौर्णिमा १५ ला आहे, म्हणजे आमचा आकाशकंदील ११ ला खिडकीत असतोच. पोरं दुरून तो बघून थेट आमच्याकडे येतात. बायको टोपलीत संत्री आणि घरची शंकरपाळी ठेवते. संत्री उरतात, शंकरपाळी उरत नाही.

---

निफाडची_लेक (११ सप्टेंबर २०२४)

सगळ्यांचे मनापासून आभार. 'येईन' वर खूण केली. सासूबाईंना सर्वपित्रीचं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "वर्गात मीही आले तर चालेल का, विचार." विचारलं, चालेल म्हणाले.

---

निफाडची_लेक (५ ऑक्टोबर २०२४)

काय झालं ते सांगायला आले.

वर्गात चार टेबलं जोडून त्यावर वर्तमानपत्रं अंथरली होती. आम्हा दोघींना सोलण्याच्या टेबलाशी बसवलं. त्यांचा सोलणीयंत्राचा प्रकार सासूबाईंना जमेना, त्यांनी साधी सुरी मागून घेतली आणि गाजर हातात फिरवत साल काढायला सुरुवात केली. एक मुलगा येऊन उभा राहिला, मग दुसरा, मग अर्धा वर्ग. साल तुटते की नाही ते सगळे श्वास रोखून बघत होते. शिक्षिकेने येऊन इंग्रजीत विचारलं, मी मराठीत विचारलं, आणि सासूबाईंनी उत्तर दिलं की बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या आईने घरात सालं वाया जाऊ दिली नाहीत, तिथे शिकले. मला हे आजवर माहीत नव्हतं. शिक्षिकेने ते मुलांना डचमध्ये सांगितलं. काय शब्द वापरले कळलं नाही, पण मुलं शांतपणे ऐकत होती, आणि त्यातल्या एकीने विचारलं की निफाडलाही जहाजं आली का. 'नाही, रोजगार हमीची कामं निघाली' हे मी पाच वर्षांच्या मुलीला कसंबसं सांगितलं.

भाज्या साध्या पाण्यातच होत्या, आधी विचारून घेतलं. मुलीने दोनदा घेतला. सासूबाईंनीही चमचाभर खाल्ला आणि 'हिंग हवा' म्हणाल्या.

३ तारखेला सकाळी नवरा आणि मुलगी दोघंच सातला गेले. आम्ही तयारी केली, साडेआठला घट बसवला. माती, धान्यं, पानं सगळं हेगचं. हेगकर, त्या काकूंनी मलाही नारळ कानाशी धरूनच दिला! पार्कमधलं गाणं मात्र चुकलं, आरती लांबली. दुपारी मिरवणूक बघितली. सासूबाई उपवास असूनही पूर्ण वेळ उभ्या होत्या. बाजूच्या बाईंनी त्यांना स्वतःची घडीची खुर्ची देऊ केली तरी बसल्या नाहीत.

आता एक नवीनच प्रश्न. स्पॅनिश फौज, वेढा, भूक, हे सगळं मुलीच्या डोक्यात पक्कं बसलंय. काल शेजारच्या मुलाने तिला सांगितलं की सिंटरक्लास नोव्हेंबरमध्ये स्पेनहून बोटीने येतो. ती रात्री झोपेना. "आई, परत स्पेनची बोट का येतेय?" तिला काय सांगू? आणि सिंटरक्लासच्या मदतनिसांचे चेहरे काळे रंगवतात असं वाचलं, ते अजून असतं का? ते मला पटत नाही.

---

कृष्णाकाठ (५ ऑक्टोबर २०२४)

अगं, सासूबाईंचं वाचून इतकं भरून आलं की मी ते आमच्या आजींना डचमध्ये वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय की त्या बाई पुढच्या वर्षी येणार आहेत का.

मुलीला खरं तेच सांग: ती लढाई फार जुनी आहे, तेव्हाचे राजे गेले, आणि आता स्पेन आणि हा देश मित्र आहेत, लोक सुट्टीत तिकडे समुद्रावर जातात. ही बोट एका म्हाताऱ्या साधूची आहे, ती खाऊ आणि भेटी घेऊन येते. माझ्या मुलीनेही याच वयात हाच प्रश्न विचारला होता. लायडनच्या मुलांना तो पडतोच. नोव्हेंबरच्या मध्यावर गावात त्याचं आगमन होतं तेव्हा तिला कालव्याच्या काठाला, बोट नीट दिसेल अशा जागी उभी कर. एकदा बघितलं की भीती जाते.

काळ्या चेहऱ्यांबद्दल तुला जे वाटतं तेच इथल्या फार लोकांना वाटत होतं. सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांतली मुलं त्या दिवसांत शाळेत काय काय ऐकून घ्यायची ते मी बघितलंय. ते बदलायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. २०१९ पासून टीव्हीवर दाखवतात त्या मोठ्या आगमनात मदतनिसांच्या गालावर फक्त काजळीचे फराटे असतात, धुराड्यातून उतरल्यामुळे लागलेले. शाळांतही आता बहुतेक तसंच असतं. तरी तुझ्या शाळेत वेगळं दिसलं तर शिक्षिकेशी स्पष्ट बोल. गप्प बसू नकोस. तू वर्गात काम केलंस, आता तुझं म्हणणं ऐकलं जाईल.

खाण्याचं सोपं आहे. पेपरनोटन आणि क्राउदनोटन ही छोटी मसाल्याची बिस्किटं सगळीकडे असतात. दालचिनी, लवंग, जायफळ, आलं, वेलची, सगळे आपल्या ओळखीचे मसाले. बहुतेकांत अंडं नसतं, पण पाकिटावर बघ. नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट मिळतं, ते तिला आवडेल. पांढरे-गुलाबी मऊ पदार्थ मात्र टाळ, त्यात जिलेटिन असतं.

रात्री बूट ठेवायचा तो सिंटच्या घोड्यासाठी गाजर घालून. सकाळी गाजराच्या जागी खाऊ असतो. रोज ठेवायचा नाही, आठवड्यातून एक-दोनदा पुरे, नाहीतर ५ डिसेंबरपर्यंत तू थकशील. थोडी मोठी झाली की वर्गात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी आणि कविता द्यायच्या असतात. त्या कविता पालकांनाच लिहाव्या लागतात, यमक जुळवून, डचमध्ये. तोवर तुझं डच तेवढं झालेलं असेल. बुधवारी सकाळी ग्रंथालयात भाषेच्या गप्पांचा गट बसतो का ते विचार. आमच्या भागात बसतो, मी येते तुझ्याबरोबर पहिल्या दिवशी.

---

उत्तरेचा_वारा (६ ऑक्टोबर २०२४)

ताई, ११ नोव्हेंबर सोमवार आहे. शाळा सुटल्यावर निघालात तरी आल्कमारला वेळेत पोचाल, आमच्या गल्लीत मुलं साडेपाचच्या पुढे फिरायला लागतात. सासूबाईंनाही आणा. कंदील मुलीला स्वतः करू द्या, दुकानातला आणू नका. आतला दिवा बॅटरीचा घ्या, इथे वारा फार असतो. गाण्याचे शब्द मी तुम्हाला देवनागरीत लिहून पाठवतो, दोनच कडवी आहेत, ट्रेनमध्ये पाठ होतील.